सवयींचा रकाना

वेंकटरमण सरांनी माझ्या हातात ते यंत्र दिलं तेव्हा माझ्या खिशात दोन सिगरेटी होत्या आणि मेडिकल कॉलेजातली हजेरी साठ टक्क्यांच्या आसपास रखडली होती. सिगरेटींचं मला काहीच वाटत नव्हतं, हजेरीचं वाटत होतं. आमच्यासारख्यांसाठी सरांच्या सामाजिक वैद्यक विभागाने एक वाट काढून दिली होती. रुग्णांची तंबाखू कशी सोडवायची याचं सहा शनिवारांचं प्रशिक्षण पुरं करायचं, म्हणजे हजेरीत भर पडणार होती. त्यामुळे सप्टेंबर २००८च्या त्या पहिल्या शनिवारी तिथे जमलेले आम्ही बावीस जण म्हणजे कॉलेजातला सगळा ओवाळून टाकलेला माल होता. त्यातले निम्मे रोज मागच्या गल्लीतल्या टपरीवर एकमेकांना काडी देत-घेत उभे असायचे. सरांना याचा पत्ता नसेल असं मला तेव्हा खरंच वाटत होतं.

"श्वास रोख. पंधरा मोज. आता हळूहळू फुंक," सर म्हणाले.

मी फुंकलं. आकडा सतरा आला. शेजारच्या उपेंद्रचा दोन आला. हे यंत्र श्वासातला धुराचा विषारी वायू मोजतं आणि न ओढणाऱ्याचा आकडा पाच-सहाच्या वर जात नाही, हे सरांनी नंतर सगळ्या वर्गाला सांगितलं. मला ते एक शब्दही बोलले नाहीत. वहीत माझं नाव लिहिलं, 'मकरंद', त्यापुढे सतरा, आणि यंत्र पुढच्या बाकावर गेलं. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं. बसच्या मागे उभा होतो, तिथला धूर लागला, असं उत्तर मी तयार ठेवलं होतं. तयार ठेवलेलं उत्तर कुणी मागितलंच नाही की मला फार चीड येते.

उपेंद्र माझा वर्गमित्र. तीनेकशे वर्षांपूर्वी तंजावरला जाऊन राहिलेल्या मराठी घराण्यातला, आता घर याच शहरात, मैलापूरला. त्याची मराठी ऐकून माझी आई पदर तोंडाला लावून हसायची. तो अभ्यासू होता, त्याची हजेरी भरलेली होती, तरी केवळ हौसेने या वर्गाला आला होता. असली माणसं मला मुळात समजतच नाहीत.

"मकरंदा, सतरा डा!" तो त्याच्या अर्ध्या तमिळ मराठीत कुजबुजला. "सत्यमा सांगतो, मज भय वाटतं."

"तुला वाटतंय ना? मग तू घाबर," मी म्हणालो.

वर्गात मात्र माझी चलती होती. रुग्णाशी बोलायच्या पाच पायऱ्या सरांनी फळ्यावर लिहून दिल्या होत्या. विचारा, सांगा, तयारी पाहा, मदत करा, पुन्हा बोलवा. मग दोघादोघांनी पुढे येऊन एकाने डॉक्टर व्हायचं आणि दुसऱ्याने रुग्ण. दुसऱ्या शनिवारी उपेंद्र एन्नोरचा खोकणारा कोळी झाला आणि मी डॉक्टर. मी असा काही बोललो की वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्याच्या पोरांची नावं विचारली, खांद्यावर हात ठेवला, विडी कधी हवीशी वाटते ते विचारलं, जेवणानंतर की जाळं ओढून झाल्यावर. तमिळ मला आईच्या मराठीपेक्षा सफाईने येतं. चार वर्षांचा असताना गावाहून इथे पेरांबूरला आलो. वडील, आमचे आण्णा, तिथे रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात फिटर आहेत आणि शाळेपासून मी तमिळमध्येच भांडत आलो.

टाळ्या थांबल्यावर सर म्हणाले, "छान. पण हे पाठ केलेलं आहे."

मी तडक मागच्या गल्लीत गेलो. टपरीच्या खांबाला काथ्याची दोरी टांगलेली असायची, तिचं टोक दिवसभर धुमसत असायचं. मी त्या टोकाला सिगरेट लावली आणि दोन झुरक्यांत अर्धी संपवली. पाठ केलेलं म्हणे! पाठ करूनच तर आपण परीक्षा देतो. माझा उजवा पाय सारखा हलत होता. तो नेहमीच हलतो. बाकावर, बसमध्ये, जेवताना. आई म्हणायची की पाय हलवलास की घरातली लक्ष्मी जाते. मी हलवतच राहायचो.

तिसऱ्या शनिवारी सरांनी पडद्यावर चित्रं दाखवायला आणली. आधी विचारलं, "वॉर्डात रुग्णाच्या सवयी लिहिताना तुम्ही काय विचारता?"

"बीडी, सिगरेट ओढता का?" कुणीतरी म्हणालं.

"बाई म्हणते, नाही. तुम्ही सवयींच्या रकान्यात काय लिहिता?"

"नाही."

"आणि तीच बाई घरी जाऊन विड्यात पुगैयिलै घालून खाते." पुगैयिलै म्हणजे तंबाखूचं पान. "तुमचा प्रश्नच चुकला. ओढता का, हे विचारायचं नाही. तोंडात काय काय घालता, दातांना काय लावता, नाकात काय ओढता, हे विचारायचं. आणि उत्तर रुग्णाच्या तोंडून घ्यायचं, बरोबरच्या माणसाच्या नाही."

मग चित्रं सुरू झाली. पानाचा विडा. तपकिरीची डबी. गुटख्याची पुडी. आणि मग एक चूल, चुलीवर लोखंडी तवा, तव्यावर काळी पडत चाललेली पानं, बाजूला एका बाईचा हात. त्या हाताची तर्जनी काळी होती, पहिल्या पेरापर्यंत.

"मिशरी," सर म्हणाले. "महाराष्ट्रात चालते. मकरंद, तू तिकडचा ना? सांग यांना."

एकवीस तोंडं माझ्याकडे वळली. "दात घासायची पूड आहे, सर."

"कशाची करतात?"

असला सोपा प्रश्न मला उभ्या आयुष्यात कुणी विचारला नव्हता. "तंबाखूची," मी शेवटी म्हणालो. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. मी खाली बसलो तेव्हा पाय हलत नव्हता.

कारण ते बोट माझ्या आईचं होतं. त्या चित्रातलं नव्हे, पण हुबेहूब तसं. सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, दुपारी पडायच्या आधी, आण्णांशी भांडण झाल्यावर, आई मोरीपाशी बसून बोटाने मिशरी लावते. मी जन्मल्यापासून बघतोय. बघून बघून ती मला दिसेनाशीच झाली होती.

आणि एवढंच असतं तरी चाललं असतं. मे महिन्यात आईच्या तोंडात तिखट झोंबायला लागलं, आमटीचा घास घेतला की डोळ्यांत पाणी. मी तिला आमच्याच इस्पितळाच्या दातांच्या विभागात घेऊन गेलो. पांढरा कोट चढवून, स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून. तिथे त्याचं काही काम नव्हतं, पण रांग चुकवायला बरा पडतो. तपासायला जी हाऊस सर्जन होती ती मला ओळखायची. दोन वर्षं पुढे होती, देखणी होती, तिच्यासमोर मला जरा ऐटीत राहायचं असायचं. तिने आईला सरळ तमिळमध्ये विचारलं, "पुगैयिलै, पाक्कु, एदावदु पळक्कम इरुक्का अम्मा?" तंबाखू, सुपारी, काही सवय आहे का?

आईने ओठ उघडले. तिचा हात नेहमीसारखा तोंडावर गेला, दातांच्या काळ्या कडा झाकायला. तिने माझ्याकडे पाहिलं. आणि ती काही बोलायच्या आत मी इंग्रजीत म्हणालो, "नो हॅबिट्स."

का म्हणालो? मला तिची लाज वाटली. हे आज लिहितानाही कान तापतात, पण दुसरं काही कारण नव्हतं. मिशरी म्हणजे तंबाखू थोडीच, असं मी नंतर स्वतःला पटवलं, ते नंतरचं. त्या क्षणी मला फक्त एवढंच हवं होतं की माझ्या आईने त्या मुलीसमोर तिच्या मोडक्या तमिळमध्ये मिशरीचं पुराण लावू नये. मुलीने सवयींच्या रकान्यात 'नाही' लिहिलं. रांग दारापर्यंत होती. आरशाने गालांच्या आत बघितलं, खालचा ओठ ओढून बघितला नाही, पंधरा दिवसांच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. आईचं झोंबणं काही गेलं नाही. मग मी स्वतःच्या अकलेने त्याच गोळ्या चार महिने चालू ठेवल्या. घरचा डॉक्टर ना मी!

आणि ती तंबाखू आणत कोण होतं? दर उन्हाळ्यात रेल्वेच्या पासावर आम्ही कराडजवळच्या गावाला जायचो. मामा पानांचा गठ्ठा वर्तमानपत्रात बांधून द्यायचा आणि तो माझ्या बॅगेत जायचा, वह्यांच्या खाली. त्याही मे महिन्यात मीच आणला होता.

त्या तिसऱ्या शनिवारी प्रशिक्षण सुटल्यावर मी टपरीकडे न जाता सरळ बस पकडली. विल्लीवाक्कमच्या बाजूला आमचं क्वार्टर आहे, दोन खोल्या आणि मागे पत्र्याची पडवी. जिन्यातच वास आला. शेजारच्या मामींनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. महिन्यातून एकदा त्या न कुरकुरता तेवढं करायच्या. आई पडवीत स्टोव्हपाशी बसली होती. जुन्या तव्यावर पानं काळी पडत होती, धुराने तिचे डोळे वाहत होते आणि ती उलथण्याने ती पानं हलवत होती.

मी स्टोव्ह बंद केला. तवा उचलला, हाताला चटका बसला, तरी तसाच नेऊन मोरीत पालथा केला आणि वर बादलीभर पाणी ओतलं.

"आरं मुडद्या! याड लागलं का तुला?" आई ओरडली. "म्हैन्याची व्हती ती!"

"तंबाखू आहे ती, आई."

"मग? मी कवा म्हनलं पेढं हायेत म्हून? तव्यावं जाळली का तिच्यातला इखार जातोय. राखुंडीच की ती."

"इखार जात नाही. तोंड उघड."

"उघडत न्हाई, जा."

बराच वेळ आमचं तोंड उघड, नाही उघडत, चाललं. शेवटी मी बॅटरी घेऊन तिच्यासमोर पाटावर बसलो, म्हणालो, "आई, मी हात जोडतो." तेव्हा तिने खालचा ओठ स्वतःच बोटाने ओढला. हिरडी आणि ओठ यांच्यामधल्या खाचेत, नेमकी जिथे ती बोट फिरवते तिथे, पांढरा चट्टा होता. करंगळीच्या नखापेक्षा मोठा, कडा उंचसखल. मी कापसाने पुसून बघितला. निघाला नाही. पुन्हा पुसला. मला पुस्तकातलं पान आठवत होतं, चित्राखालची ओळ आठवत होती, आणि ती आठवू नये असं वाटत होतं.

"काय हाय?" आईने विचारलं.

"माहीत नाही. तुकडा काढून तपासावा लागेल. आणि मिशरी आजपासून बंद."

"ती बंद केली का प्वाट साफ व्हत न्हाई. डोकं उठतं. तुला न्हाई कळायचं त्ये."

"मला नाही कळायचं?" मी ओरडलो.

आईने पदराने ओठ पुसला. मग शांतपणे म्हणाली, "तीन वर्सं झाली तुज्या शर्टाला वास येतोय. मी धुती ती शर्टं. ईचारलं का म्या कधी?"

मी लवंगा चघळायचो, तोंड धुऊन यायचो, शर्ट बादलीत सगळ्यात खाली टाकायचो. "का नाही विचारलंस?"

"तू डाक्टर व्हणार. म्हनलं, वंगाळ असतं तर ह्यो ओढला आसता का? तुला ठावं आसंल. आन् तू बी कुटं ईचारलंस मला कधी? मला वाटलं, वंगाळ असतं तर माजं प्वार बोललं आसतं."

मोरीत पालथ्या तव्याखालून काळं पाणी वाहत होतं. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी, खरं सांगतो, एक सिगरेट हवी होती.

"सोमवारपास्नं," आई म्हणाली. "तू बी आन् मी बी. तू सोडलीस तर मी सोडली. माज्या गळ्याची आन घे."

मी तिच्या गळ्याला हात लावला. उरलेला गठ्ठा तिने स्वतः कचऱ्याच्या पिंपात नेऊन टाकला.

सोमवारी मी तिला घेऊन दातांच्या विभागात गेलो. तीच मुलगी होती. म्हणालो, "मे महिन्यातला कागद काढा. सवयींच्या रकान्यात मी खोटं सांगितलं होतं." तिने माझ्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा मे महिन्यातच मिशरीचं पुराण परवडलं असतं. बुधवारी तुकडा काढला, दोन टाके पडले. अहवाल पुढच्या आठवड्यात मिळणार होता. आणि प्रशिक्षणात प्रत्येकाने एका खऱ्या माणसाची तंबाखू सोडवायची होती, त्या यादीत मी माझ्या नावापुढे आईचं नाव लिहिलं. सरांनी वाचलं, मान हलवली, म्हणाले, "अहवाल आला की घेऊन ये त्यांना. शनिवारी मी असतो."

मग ते दिवस. दोन खोल्यांत दोन सोडलेली माणसं! आण्णांनी आपण होऊन दुसरी पाळी मागून घेतली. आई भांडी घासून झाल्यावर पुन्हा घासायची. कोरडं बोट दातांवरून फिरवायची, मग दचकून पदरात पुसायची. मिठाने घासून बघितलं, बडीशेप तोंडात धरली, टाक्यांना ती टोचली म्हणून थुंकली. घट बसले, उपास सुरू झाले. त्या चिडीत तिने देवीलाही दोन शब्द सुनावले. माझं तर विचारूच नका. कंडक्टरशी सुट्टे पैसे नसताना भांडलो आणि असताना भांडलो. वॉर्डात एका म्हाताऱ्याचा रक्तदाब तीनदा घेतला आणि तिन्ही वेळा आकडा विसरलो. पाय हलायचा, हात खिशात जायचा, खिसा रिकामा, परत बाहेर यायचा. काहीतरी हरवलंय आणि ते शोधायला कुठे जायचं तेवढं नेमकं ठाऊक आहे, असं दिवसभर वाटायचं.

सहा दिवस मी टिकलो. सातव्या दिवशी, रविवारी, एक ओढली. एकच. सोमवारी वाटलं, काल एक ओढून काही बिघडलं नाही, तर आज दोन. घरी आलो की आई विचारायची, "न्हाई ना?" आणि मी म्हणायचो, "नाही गं." ती बघत राहायची आणि ताट वाढायची. माझा खोटेपणा मलाच इतका झोंबायचा की तो विसरायला दुसऱ्या दिवशी पुन्हा गल्लीत जायचो. शपथेचं मी उपेंद्रला सांगून बसलो होतो, त्याने एकदा तिथे गाठलंच. "आईची आन घेतलास कां नाही?" एवढंच म्हणाला आणि निघून गेला. दोन ऑक्टोबरपासून सगळ्या देशात चारचौघांत सिगरेट ओढायला बंदी आली. टपरीवाल्याने खांबावरची दोरी काढून आत, पाठीमागच्या भिंतीला लावली. आता तिथे वाकून जावं लागायचं. मी वाकून जात होतो.

चार तारखेला, शनिवारी, आईला सरांच्या खोलीबाहेर बाकावर बसवून मी अहवाल आणायला गेलो. लिफाफा हातात मिळाला. चिकटवलेला नव्हता, नुसता दुमडलेला. उघडून वाचायला दोन क्षण लागले असते. मी तो उघडला नाही. तसाच घेऊन मागच्या गल्लीत गेलो, वाकून आत शिरलो, एक ओढली. लिफाफ्याकडे बघितलं. दुसरी ओढली. कर्करोग निघाला तर त्यात माझे चार महिने होते, माझ्या बॅगेतला गठ्ठा होता, माझं 'नो हॅबिट्स' होतं. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. नळावर चूळ भरली, दोन लवंगा चावल्या आणि परत आलो.

आईने मी शेजारी बसल्यावर एकदा नाक फुगवलं, नुसतं.

सरांनी आम्हाला आत बोलावलं. अहवाल उघडून सावकाश वाचला. मला वाटलं, आता हे काही न बोलता वहीत लिहितील. पण ते आईकडे बघून तमिळमध्ये, सोप्या शब्दांत, एकेक वाक्य सुटं करून बोलले. कर्करोग नाही. पण पेशी बिघडायला लागल्या आहेत, थोड्याशाच. तंबाखू बंद राहिली तर चट्टा मागे जाऊ शकतो, दर दोन महिन्यांनी दाखवत राहायचं. तंबाखू चालू राहिली तर पुढचं मी काही सांगू शकत नाही.

डोळे भरून आले, सरांना दिसू नयेत म्हणून मी खाली बघितलं.

"बंद केली का त्यांनी?" सरांनी मला विचारलं. "विचार त्यांना."

"येस सर, शी हॅज..." माझं तोंड आपोआप सुरू झालं होतं.

आईने माझं मनगट धरलं. घट्ट. "नान सोल्लरेन," ती म्हणाली. मी सांगते. मग सरांकडे वळून, भाजीवाल्याशी घासाघीस करताना वापरते त्याच ठसक्यात: "निरुत्तिट्टेन, सार. पन्निरेंडु नाळ आच्चु." बंद केली. बारा दिवस झाले.

तिचं तमिळ अजिबात मोडकं नव्हतं. सोळा-सतरा वर्षं ती या गावात बाजार करतेय. कुणी विचारल्यावर तिला बोलू दिलं असतं तर ती मे महिन्यातच बोलली असती. सरांनी तिला विचारलं की त्रास झाला का. तिने सगळं सांगितलं, पहिले चार दिवस डोकं कसं उठायचं, पोट कसं बिघडलं, बोट आपोआप तोंडात कसं जायचं. हे सांगताना तिचा हात मांडीवर होता, तोंडावर नव्हता. सर मधूनमधून लिहून घेत होते.

मग तिने माझ्याकडे बोट केलं. ती तर्जनी आता काळी नव्हती. "इवन निरुत्तले, सार."

यानं नाही बंद केली.

सरांना नवल वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी खणातून एक कोरा केसपेपर काढला. वर माझं नाव लिहिलं. यंत्र माझ्यापुढे सरकवलं. मी श्वास रोखला, पंधरा मोजले, फुंकलं. आकडा मी बघितला नाही, सरांनी लिहिला. मग सवयींच्या रकान्यावर पेन टेकवून त्यांनी विचारलं, आणि मला नाही, आईला.

"किती वर्षं?"

"मूणु वरुषम." तीन वर्षं.

"दिवसाला किती?"

"मुन्नाडी एट्टु. इप्पो रेंडु, सार. इण्णिक्कि रेंडु." आधी आठ. आता दोन. आजच्याही दोन.

मी स्वतः सहाच धरत होतो. तिने मोजल्या होत्या, आठ. बाराव्या दिवसापर्यंत तिने माझ्या शर्टांच्या वासावरून आणि डब्यातून कमी होणाऱ्या लवंगांवरून मोजून ठेवलं होतं, रोज मला ताट वाढत, स्वतःचं बोट पदरात पुसत. मी सोडली नाही तर तीही सोडणार नव्हती, असं ठरलं होतं ना? मी शपथ मोडली हे सातव्याच दिवशी कळूनही तिने आपली पाळली होती.

सरांनी पेन उचललं. त्यांच्या पाच पायऱ्यांतली तिसरी पायरी आली होती. "सोडायची तयारी आहे का याची?"

मी आईकडे बघितलं. तिने हात मांडीवर गोळा केले, पदर सारखा केला आणि मला मराठीत म्हणाली, "ह्ये न्हाई मी सांगायची. ह्ये तुजं तूच बोल."

सर पेन धरून थांबले. माझा पाय हलत होता. मी तो दोन्ही हातांनी दाबून धरला आणि तोंड उघडलं.